एकच नियम दहा जागी कशासाठी?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहू लागल्यामुळे मुंबई-ठाण्यातल्या तरुण प्रोग्रॅमरांच्या नोकऱ्यांचे काय होणार, यावर वृत्तपत्रांतून सध्या बरेच लिहिले जात आहे. ही काळजी रास्तच आहे. परंतु या चर्चेत एक प्रश्न मागे पडला आहे, तो असा की, ही साधने जो कोड भराभर लिहून देतात, त्यातला बराचसा मुळात लिहावा लागतोच का? मी अंधेरीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत वेब ॲप्लिकेशनच्या सर्व्हर बाजूचे काम पाहते. तोच तो मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा लिहिण्यात आमच्या क्षेत्रातील तरुणांची उमेदीची वर्षे जातात, ग्राहकांचे पैसे जातात, आणि चुकाही नेमक्या त्याच मजकुरात दडून बसतात. हे टाळण्याचे मार्ग बरीच वर्षे उपलब्ध आहेत, तरीही आपल्याकडे ते ना शिकवले जातात ना मागितले जातात, म्हणून हे पत्र.

मुंबईच्या वाचकांना जवळचे असे एक उदाहरण घेते. सहकारी गृहनिर्माण संस्थांची देखभाल-आकारणी, पावत्या आणि सभासदांच्या नोंदी सांभाळणारी ॲप्स आता बऱ्याच इमारतींत वापरली जातात. अशा ॲपमध्ये सभासदाचे नाव, सदनिका क्रमांक, मोबाइल आणि ईमेल एवढी नोंद आहे, आणि समितीने सांगितले की सहयोगी सभासदाचे नावही नोंदीत हवे, असे समजू. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पडद्यावर एक रकाना वाढतो. सर्व्हरच्या बाजूला मात्र डेटाबेसच्या टेबलात कॉलम वाढवावा लागतो. प्रोग्रॅममधील ‘सभासद’ या टाइपमध्ये, म्हणजे सभासदाच्या नोंदीत काय काय असते याच्या वर्णनात, फील्ड (माहितीचा एक रकाना) घालावे लागते. नवी नोंद करणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा), असलेली नोंद बदलणारी क्वेरी आणि नोंद वाचून आणणारी क्वेरी, अशा तिन्हींना हात लावावा लागतो. फोनकडून जेसन या ठरावीक मांडणीत आलेला मजकूर उलगडणारे फंक्शन आणि परत पाठवायचा जेसन बांधणारे फंक्शन बदलावे लागते. नाव फार लांब नाही ना, त्यात भलतीच चिन्हे नाहीत ना, हे पाहणारे व्हॅलिडेशन लिहावे लागते. ॲपच्या टीमला द्यायचा एपीआयचा, म्हणजे ॲपने सर्व्हरशी कसे बोलायचे त्या नियमांचा, दस्तऐवज सुधारावा लागतो. आणि त्या टीमला स्वतःच्या बाजूच्या टाइपमध्ये पुन्हा तेच फील्ड लिहावे लागते. चाचण्या वेगळ्याच. ‘सभासदाला एक सहयोगी सभासद असू शकतो’ ही एकच गोष्ट, पण ती दहा जागी, दहा वेगवेगळ्या लिपींत लिहिल्यासारखी लिहावी लागते.

आता यातल्या नऊ जागा सुधारल्या आणि नोंद बदलणारी क्वेरी तेवढी राहून गेली, तर काय होते ते पाहा. नवीन सभासदाची नोंद करताना सहयोगी सभासदाचे नाव नीट साठते, म्हणून टेस्टिंगमध्ये सर्व काही व्यवस्थित दिसते आणि रिलीज होते. काही महिन्यांनी एखाद्या सोसायटीचे सचिव त्या नावातील चूक दुरुस्त करून बटण दाबतात, पडद्यावर ‘बदल जतन झाला’ अशी सूचना येते, आणि डेटाबेसात जुनेच नाव तसेच राहते. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये नोंद नाही. कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चालण्यापूर्वी तपासून यंत्राला कळेल अशा रूपात नेणाऱ्या साधनाने, हरकत घेतलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीने ती क्वेरी म्हणजे अवतरणचिन्हांत ठेवलेला साधा मजकूर असतो, आणि त्या मजकुरात कोणते कॉलम यायला हवे होते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ही चूक ज्या भाषेत झाली ती टाइप-सेफ भाषा असली, तरीही ती होते. माझ्या अनुभवात सर्व्हर बाजूच्या ज्या चुका सर्वांत उशिरा आणि सर्वांत वाईट वेळी सापडतात, त्यांतल्या बऱ्याच याच जातीच्या असतात.

टाइप-सेफ म्हणजे काय, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. अशा भाषेत प्रत्येक माहितीचा प्रकार आधीच सांगितलेला असतो, आणि रक्कम अपेक्षित असलेल्या जागी नाव आले तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच कंपायलर तो अडवतो. ही हमी मोलाची आहे. मात्र ती प्रोग्रॅमच्या चार भिंतींच्या आतली आहे. नेटवर्कवरून येणारी रिक्वेस्ट आणि डेटाबेसातून येणारी ओळ या दोन्ही भिंतीबाहेरून येतात, आणि तिथे आत घेताना व बाहेर सोडताना काहीतरी रूपांतर करावेच लागते. पुनरुक्ती साठते ती नेमकी याच दोन दारांपाशी. म्हणूनच टाइप असलेल्या भाषांबद्दल ‘यात लिहायला फार लागते’ ही तक्रार पूर्वापार ऐकू येते, आणि एके काळी ती खरीही होती. जावामध्ये प्रत्येक फील्डसाठी गेटर आणि सेटर (फील्डचे मूल्य वाचणारी आणि बदलणारी छोटी फंक्शने) हाताने लिहिण्यात, किंवा एडिटरकडून लिहवून घेण्यात, एका अख्ख्या पिढीने दिवस काढले. २००४ साली वेब ॲप्लिकेशन बांधण्याचे रुबी ऑन रेल्स हे साधन आले आणि पुढे इतके लोकप्रिय झाले, त्याचे एक कारण हेच की, टेबलात कोणते कॉलम आहेत ते रेल्स चालू असताना स्वतःच वाचून घेत असे, आणि प्रोग्रॅमरला तेच पुन्हा लिहावे लागत नसे. त्या बदल्यात कंपायलरची हमी सोडून द्यावी लागत होती. यातून आपल्याकडे असा समज रुजला की, सुरक्षितता हवी असेल तर लांबण सोसली पाहिजे आणि आटोपशीरपणा हवा असेल तर सुरक्षितता सोडली पाहिजे.

हा समज चुकीचा आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्याभोवतीच आहे. टाइप म्हणजे त्या माहितीबद्दलचे नेमके, यंत्राला वाचता येणारे वर्णन असते. ते एकदा नीट लिहिले की जेसनचे वाचन-लेखन, क्वेरीतील कॉलमची यादी, एपीआयचा दस्तऐवज आणि ॲपच्या बाजूचे टाइप, हे सर्व त्या वर्णनावरून काढून घेता येते. ज्या भाषेत टाइप नाहीत तिथे काढून घेण्यासारखे वर्णनच हाताशी नसते. म्हणजे पुनरुक्ती कमी करण्यासाठी टाइप-सेफ भाषा अधिक सोयीची असायला हवी, आणि ती आहे, फक्त तिच्याकडून ते काम करून घ्यावे लागते.

हे नवे मुळीच नाही. हॅस्केल या भाषेत दोन मूल्ये सारखी आहेत का हे पाहणारा किंवा मूल्य मजकुराच्या रूपात दाखवणारा कोड टाइपवरून आपोआप काढून घेण्याची सोय १९९० च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. रस्ट या भाषेत सेर्दे ही लायब्ररी (तयार कोडाचा संच) वापरून ‘सभासद’ टाइपच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की जेसनमधून वाचणे आणि जेसनमध्ये लिहिणे या दोन्हींचा कोड कंपायलर तयार करतो. फील्ड वाढले की तोही वाढतो. जावाने २०२१ मध्ये सोळाव्या आवृत्तीत ‘रेकॉर्ड’ कायमस्वरूपी आणले आणि साध्या माहितीच्या टाइपसाठी गेटर, तुलना वगैरे हाताने लिहिण्याचे कारणच उरले नाही. गो या भाषेत जेनेरिक टाइप (एकच कोड अनेक टाइपसाठी चालवण्याची सोय) २०२२ च्या मार्चमध्ये आले. त्याआधी एकच फंक्शन वेगवेगळ्या टाइपसाठी उतरवून काढण्याला पर्याय फार थोडे होते. आपल्याकडे आजही गोमध्ये लिहिल्या जाणाऱ्या कोडात ही जुनी सवय पानोपानी दिसते, हे मला खटकते.

याही पुढचे पाऊल म्हणजे संपूर्ण एपीआयच टाइप म्हणून लिहिणे. हॅस्केलमधील सर्व्हंट ही लायब्ररी, जिच्यावर २०१५ साली शोधनिबंधही प्रसिद्ध झाला, हेच करते. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पद्धतीची रिक्वेस्ट येणार, तिच्यासोबत काय येणार आणि उत्तरात काय जाणार, हे एका टाइपमध्ये मांडायचे. मग त्या एकाच टाइपवरून सर्व्हरचे राउटिंग (कोणती रिक्वेस्ट कोणत्या फंक्शनकडे जायची ते ठरवणे), ॲपच्या बाजूने हाक मारणारी फंक्शने आणि दस्तऐवज, ही तिन्ही निघतात. सर्व्हरच्या फंक्शनने ठरल्यापेक्षा वेगळे काही परत केले तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. टाइपस्क्रिप्ट या भाषेत टीआरपीसी ही लायब्ररी हेच काम वेगळ्या वाटेने करते : सर्व्हरवरील फंक्शनांचे टाइप ब्राउझरच्या बाजूला थेट उपलब्ध होतात, मध्ये कोणतीही फाइल तयार करावी लागत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या भाषांत असतील, आणि मुंबईतल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांत त्या तशा असतात, तर मात्र तिसऱ्या जागी तटस्थ करार लिहून त्यावरून दोन्हीकडचा कोड तयार करून घेणे सयुक्तिक ठरते. ओपनएपीआय, किंवा गूगलने २००८ साली खुले केलेले प्रोटोकॉल बफर, ही त्याची साधने. इथे एक पथ्य पाळावे लागते. तयार झालेल्या फाइलमध्ये कोणी ‘तात्पुरती’ दुरुस्ती हाताने केली, की पुढच्या वेळी ती फाइल पुन्हा तयार करायला कोणी धजावत नाही, आणि एका पुनरुक्तीच्या जागी दुसरी, अधिक अवघड पुनरुक्ती येऊन बसते. तयार होणारा कोड प्रत्येक बिल्डच्या (प्रोग्रॅम जुळवून चालवण्याजोगा करण्याच्या) वेळी नव्याने तयार व्हावा आणि त्याला कोणीही हात लावू नये, हे मी आमच्या टीममध्ये आग्रहाने सांगते.

लायब्ररी बदलण्याची मुभा सर्वांनाच नसते, हे मला माहीत आहे. जुन्या प्रकल्पात कोड जसा आहे तसाच पुढे चालवावा लागतो. तिथेही कंपायलरला कामाला लावता येते. वर सांगितलेली नोंद बदलणारी क्वेरी हातानेच लिहायची असली, तर रस्टमध्ये फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘सभासद’ मूल्याची सर्व फील्डे नावानिशी सुटी करून घ्यावीत, आणि ‘उरलेली सोडून दे’ असे सांगणारे दोन टिंबांचे चिन्ह मुद्दाम टाळावे. उद्या टाइपमध्ये नवे फील्ड आले की ती ओळ कंपाइल होणार नाही, आणि कंपायलर त्या फंक्शनपाशी बोट ठेवून विचारेल की या नव्या फील्डचे काय करायचे. फील्डचे नाव घेतले पण क्वेरीत वापरले नाही, तर न वापरलेल्या नावाबद्दल तो वेगळी सूचना देईल. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘या टाइपच्या प्रत्येक फील्डसाठी एक नोंद असलीच पाहिजे’ अशी अट घालून कॉलमची यादी लिहिता येते. एक जरी नोंद कमी पडली तरी लाल रेघ उमटते. पुनरुक्ती इथे उरतेच, परंतु ती विसरता येत नाही, आणि मला हे लायब्ररी बदलण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. एसक्यूएल, म्हणजे क्वेरी लिहिण्याची भाषा, हिच्या बाबतीत रस्टची एसक्यूएलएक्स ही लायब्ररी कंपाइल होतानाच क्वेरी खऱ्या डेटाबेसकडून तपासून घेते, आणि कॉलमचे नाव चुकले की तिथेच थांबवते.

टाइपस्क्रिप्टबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी हीच भाषा शिकलेली असते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ती जाहीर केली, आणि तिचा मूळ करार असा आहे की टाइप फक्त तपासणीपुरते असतात. जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर झाले की ते पुसले जातात. त्यामुळे रिक्वेस्टमधून आलेल्या मजकुरापुढे ‘ॲज सभासद’ (‘हा सभासदच आहे असे धर’) असे लिहिले, तर चालू प्रोग्रॅममध्ये कोणतीही तपासणी होत नाही. तो मजकूर रिकामा असो, त्यात सदनिका क्रमांकाच्या जागी यादी असो, कंपायलर गप्प बसतो, कारण आपणच त्याला गप्प बसायला सांगितलेले असते. हे ज्यांच्या लक्षात येते ते मग टाइप एकीकडे आणि चालू असतानाची तपासणी दुसरीकडे, असे दोनदा लिहू लागतात, आणि थोड्याच काळात दोन्हींत तफावत पडते. झॉडसारख्या लायब्ररीत हा पेच सुटतो. तपासणीचा आराखडा एकदाच लिहायचा आणि टाइप त्या आराखड्यावरून काढून घ्यायचा. मग आराखडा बदलला की टाइप बदलतो, आणि टाइप बदलल्यामुळे जिथे जिथे तो वापरला आहे तिथला कोड कंपायलर पुन्हा तपासतो. ज्या अभ्यासक्रमांत टाइपस्क्रिप्ट शिकवतात पण टाइप पुसले जातात हे ठसवून सांगत नाहीत, ते विद्यार्थ्याला अर्धवट माहिती देऊन बाहेर सोडतात.

पुनरुक्तीचा आणखी एक प्रकार आपल्या रोजच्या कामात सर्वत्र आढळतो, आणि तो म्हणजे ओळख-क्रमांकांच्या तपासण्या. बँकेचा आयएफएससी घ्या. त्यात ११ चिन्हे असतात : पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य, आणि शेवटची ६ चिन्हे शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ अक्षर टाइप होणे ही अगदी सर्रास घडणारी गोष्ट आहे. नवीन खातेदाराच्या फॉर्ममागे ही तपासणी बहुधा असते. बँक बदलण्याच्या फॉर्ममागे ती कोणीतरी पुन्हा लिहिलेली असते, किंचित वेगळी. आणि एक्सेलची फाइल चढवून शेकडो नोंदी एकदम आणण्याची सोय वर्षभराने कोणी जोडतो, तेव्हा तिथे फक्त ११ चिन्हे आहेत का एवढेच पाहिले जाते. पैसे पाठवताना त्या नोंदी अडकतात, आणि चूक कोणत्या वाटेने आत आली हे शोधत बसावे लागते. आयएफएससी हा साधा मजकूर न ठेवता त्याचा स्वतंत्र टाइप केला, आणि त्या टाइपचे मूल्य तयार करण्याची एकच वाट ठेवली, जिच्यात पाचव्या जागेसह सर्व तपासणी होते, तर पैसे पाठवणाऱ्या फंक्शनला साधा मजकूर देताच येणार नाही. एक्सेलची वाट लिहिणाऱ्याला त्या तपासणीतूनच जावे लागेल, त्याला तो नियम माहीत असो वा नसो. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी बँकांचे मोठे विलीनीकरण झाले, आणि त्यानंतर विलीन झालेल्या बँकांच्या शाखांचे जुने आयएफएससी बदलले. ज्या प्रणालींत आयएफएससी एका टाइपमागे होता, तिथे जुन्यावरून नव्यावर नेण्याचा कोड कुठे घालायचा हा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांना तो मजकूर कुठे कुठे पसरला आहे ते हुडकावे लागले.

जीएसटी क्रमांकाचेही तसेच. त्याच्या १५ चिन्हांपैकी पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन. तरीही व्यापाऱ्याला जीएसटी क्रमांक आणि पॅन असे दोन्ही भरायला लावणारे फॉर्म मी पाहते, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात का हे कोणीच तपासत नाही. जीएसटी क्रमांकाच्या टाइपला पॅन विचारता येईल असे एक फंक्शन लिहिले, तर एक रकाना, एक कॉलम आणि एक संभाव्य विसंगती कमी होते. व्यापाऱ्याचाही थोडा त्रास वाचतो.

पुनरुक्ती दिसली की पुसून टाकावी, असा मात्र याचा अर्थ नाही, आणि या बाबतीत उत्साही तरुणांना आवर घालावा लागतो. डेटाबेसच्या ओळीचा टाइप आणि बाहेर पाठवायच्या उत्तराचा टाइप दिसायला जवळजवळ सारखे असतात, म्हणून दोन्हींसाठी एकच टाइप वापरला आणि त्यावरून जेसन आपोआप काढून घेतला, तर पासवर्डचा हॅशसुद्धा (पासवर्डचे साठवलेले सांकेतिक रूप) आपोआप बाहेर जातो. उलट्या दिशेनेही धोका आहे. २०१२ च्या मार्चमध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर एका संशोधकाने जी त्रुटी उघड केली, तिचे मूळ यातच होते : रेल्सच्या सोयीनुसार फॉर्ममधून आलेली सगळी फील्डे नोंदीवर जशीच्या तशी चढत होती, त्यामुळे जे फील्ड वापरकर्त्याने कधीच बदलता कामा नये, तेही त्याला पाठवता येत होते. रेल्सने त्यानंतर कोणती फील्डे स्वीकारायची हे प्रोग्रॅमरने नावानिशी सांगावे, असा नियम केला. म्हणून ‘आत काय घ्यायचे’, ‘साठवायचे काय’ आणि ‘बाहेर काय द्यायचे’ असे तीन टाइप मी वेगळेच ठेवते. एकापासून दुसरा काढून घेताना कोणती फील्डे न्यायची हे नावानिशी सांगते, आणि ‘ही ही वगळून बाकी सर्व’ असे शक्यतो सांगत नाही, कारण उद्या वाढणारे गुप्त फील्ड त्या ‘बाकी सर्व’मध्ये नकळत जाऊन बसते. दोन जागा एकाच कारणाने बदलत असतील तर त्या एक कराव्यात. दोन वेगवेगळ्या कारणांनी बदलत असतील तर त्या आज कितीही सारख्या दिसल्या तरी वेगळ्या राहू द्याव्यात. हा विवेक कोणतीही लायब्ररी करून देत नाही. कंपाइल व्हायला लागणारा वेळ वाढतो आणि काही लायब्ररींचे एरर-संदेश वाचताना अनुभवी माणूसही चक्रावतो, या तक्रारीही खऱ्या आहेत, पण त्या सोसण्याजोग्या आहेत.

आता पुन्हा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येते. ही साधने दहा जागांचा कोड काही सेकंदांत लिहून देतात, म्हणून पुनरुक्तीची चिंता आता कशाला, असे मला अनेक जण विचारतात. लिहिणे स्वस्त झाले हे खरे. तो कोड वाचणे, तपासणे आणि पुढची पाच-सात वर्षे सांभाळणे स्वस्त झालेले नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला त्या दहाही जागा वाचाव्या लागतात, आणि एकसारखा दिसणारा कोड वाचताना माणसाची नजर घसरते. साधनही एखादी जागा विसरते, आणि विसरल्याचे सांगत नाही. याउलट जिथे नियम एकाच टाइपमध्ये आहे, तिथे साधनाने लिहिलेल्या कोडालाही कंपायलर माणसाच्या कोडाइतक्याच कडकपणे तपासतो. मी स्वतः ही साधने वापरते, आणि ती जितकी अधिक वापरली जातील तितकी टाइपची गरज वाढत जाईल असे माझे मत आहे.

ही पद्धत आपल्याकडे रुळत नाही याची कारणे तांत्रिक नाहीत. मुंबई-पुण्यातील बऱ्याच कंपन्यांचे उत्पन्न माणूस-महिन्यांच्या हिशेबावर ठरते. दहा जागी बदल करायला चार दिवस लागतात म्हणून चार दिवसांचे बिल लावले जाते, आणि एका जागी बदल करून अर्ध्या दिवसात काम झाले तर बिल कमी होते. ग्राहकही किती फाइली बदलल्या, किती काम ‘दिसले’, यावरून मोबदला योग्य आहे का ते ठरवतो. वर्णनावरून कोड तयार करण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असेही नाही. टीसीएसने पुण्यात १९८१ साली स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मॉडेलवरून कोड तयार करण्याच्या साधनांवर गंभीर काम झाले आहे. तरीही ती दृष्टी रोजच्या कामापर्यंत आणि वर्गापर्यंत झिरपलेली नाही. अभियांत्रिकीच्या मुलांना सेमिस्टरच्या शेवटी मित्राचे जर्नल रात्रभर बसून उतरवून काढण्याची सवय लागते, आणि नोकरीत पहिल्या दिवशी जुन्या मॉड्यूलची फाइल उतरवून नावे बदलायला सांगितले की त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, याचा दोष मी त्यांना देत नाही. दादर-ठाण्याच्या ‘फुल स्टॅक’ वर्गांतही नोंद घाला, वाचा, बदला, पुसा या चार क्रिया प्रत्येक टेबलासाठी नव्याने लिहून घेतल्या जातात, आणि जितकी टेबले तितका प्रकल्प मोठा असे मानले जाते.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली ग्राहकांकडे, आणि त्यात सहकारी बँका, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ, रुग्णालये, शिक्षणसंस्था असे सर्व आले. सॉफ्टवेअर करून घेताना कंत्राटदाराला विचारावे की, नोंदीत एक फील्ड वाढवायचे झाल्यास किती जागी बदल करावा लागेल, आणि त्यातली एक जागा राहून गेली तर ते रिलीजपूर्वी कोणाच्या लक्षात येईल. उत्तर ‘टेस्टिंगमध्ये कळेल’ असे आले, तर कोणत्या टेस्टमध्ये, हेही विचारावे. करारात आरंभीच्या किमतीसोबत अशा एका छोट्या बदलाचा खर्च आणि कालावधी लिहून घ्यावा. तांत्रिक ज्ञान नसलेल्या समितीलाही दोन कंत्राटदारांची तुलना त्यावरून करता येईल.

दुसरी मागणी महाविद्यालयांकडे आणि विद्यापीठाच्या परीक्षकांकडे आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत पडद्यावरची सजावट आणि जाडजूड अहवाल पाहून गुण देण्याऐवजी, बाहेरून आलेल्या परीक्षकाने विद्यार्थ्यांना त्यांच्याच प्रकल्पात एक फील्ड समोर बसून वाढवायला सांगावे, आणि मग त्यातली एक जागा मुद्दाम जुनी ठेवून प्रोग्रॅम कंपाइल करायला लावावा. कंपायलर कुठे थांबवतो, थांबवत नसेल तर का नाही, आणि थांबवावे यासाठी काय बदलता येईल, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे चुकली तरी चालतील, पण ती विद्यार्थ्याने स्वतःच्या कोडाकडे बोट दाखवून द्यावीत. एका गटाला तोंडी परीक्षेत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात हे आरामात बसते.

आपली नम्र,
एक सॉफ्टवेअर अभियंता
अंधेरी (पूर्व), मुंबई